बेटावरची रोजची हवा आणि दर्या: नोंद नक्की कशाकशाची ठेवायची?

खारावारा
उष्णकटिबंधातल्या बेटांवरून रोज सकाळी कुणी ना कुणी 'आजची हवा, आजचा समुद्र' अशी नोंद टाकत असतं. बहुतेक नोंदी एकाच साच्यातल्या: तापमान ३० अंश, ऊन, लाट १.२ मीटर. माझं म्हणणं असं की या आकड्यांवरून होडी काढायची की नाही, पाण्यात उतरायचं की नाही, यातलं काहीच ठरत नाही. तापमान तर वर्षभर २५ ते ३२ मध्येच घुटमळतं. ऊन बेटाच्या कोणत्या बाजूला? लाट कुठून येतेय?

मिनिटभरात वाचून होईल आणि वाचणाऱ्याच्या कामाला येईल अशी नोंद करायची तर तिच्यात काय हवं, कोणत्या वेळी बघायचं, आणि महागडी साधनं नसताना मोजायचं कसं? जाणकारांनी नेमकं लिहावं. माझी कच्ची यादी: वाऱ्याची दिशा आणि जोर, लाटेची उंची, भरतीची वेळ, पाऊस.

ओहोटी
यादीतली सगळ्यात मोठी उणीव म्हणजे दोन लाटांमधले सेकंद. उंचीच्याही आधी ते लिहा.

खोल समुद्रात १.२ मीटरची लाट ६ सेकंदांची असेल तर किनाऱ्यावर फुटताना साधारण दीड मीटर भरते. तीच १५ सेकंदांची असेल तर दोन मीटरच्या वर जाते. उंचीचा आकडा तोच, पण दुसऱ्या दिवशी माणूस खडकावरून ओढला जाऊ शकतो. कारण लाटेच्या लांबीत आहे. सेकंदांचा वर्ग करून १.५६ ने गुणा, खोल पाण्यातली लांबी मीटरमध्ये मिळते. ६ सेकंदांची लाट ५६ मीटर लांब, १५ सेकंदांची ३५० मीटर. लांबीच्या निम्म्या खोलीपासून लाटेला तळ 'लागायला' लागतो, म्हणजे एकीला २८ मीटरवर आणि दुसरीला १७५ मीटरवर. लांब लाट फार आधीपासून तळाप्रमाणे वळते आणि बेटाला वळसा घालून मागच्या बाजूलाही पोचते. 'आपली बाजू आडोशाची आहे' हा भरवसा आखूड, वाऱ्याने उठलेल्या लाटांपुरताच खरा.

चांदणवेल
+१. पण हे सेकंद किनाऱ्यावरून मोजायचे कसे? लाटा काही रांगेत येत नाहीत.

ओहोटी
@चांदणवेल, फुटणाऱ्या लाटा मोजू नका. त्यांच्या बाहेर, जिथे पाणी नुसतं वरखाली होतंय, तिथली एक खूण धरा: बोया, नांगरलेली होडी किंवा फेसाचा तरंगता पुंजका. ती खूण माथ्यावर आली की घड्याळ सुरू करा आणि त्या माथ्याला 'शून्य' म्हणा. दहावा माथा आला की थांबवा, दहाने भागा. पहिल्या माथ्याला 'एक' म्हणण्याची चूक सगळ्यांची होते आणि उत्तर दहा टक्क्यांनी कमी येतं. असं तीनदा करून सरासरी घ्या. मोठ्या लाटा झुंडीने येतात, मध्ये काही मिनिटं सामसूम असते. म्हणून पंधरा-वीस मिनिटं पाण्याकडे पाहिल्याशिवाय उंचीचा आकडा लिहूच नये.

हवामानाच्या अंदाजात दिलेली उंची म्हणजे सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी. दिवसभरात एखादी लाट त्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट येणं हा अपवाद नसून नेहमीचा हिशेब आहे.

नांगर
ओहोटी यांच्या प्रतिसादाला पुस्ती. सेकंद कालच्या तुलनेत लिहा. दूरच्या वादळातून निघालेल्या लाटांमध्ये लांब लाटा सर्वांत वेगाने धावतात, त्यामुळे त्या आधी पोचतात. १५ सेकंदांच्या लाटांचा जथा ताशी सुमारे ४२ किलोमीटरने सरकतो, म्हणजे दिवसाला हजार किलोमीटर. काल ९ सेकंद होते आणि आज एकदम १६ झाले, उंची मात्र जेमतेम अर्धा मीटर, तर ती उंची बघून खूश होऊ नका. खरा माल मागून येतोय. पुढे सेकंद हळूहळू उतरतात आणि उंची चढते.

२००७ च्या मे महिन्यात मालदीवच्या अनेक बेटांवर समुद्राचं पाणी घुसलं, ते दक्षिण महासागरात उठलेल्या वादळाच्या लाटांमुळे. वादळ हजारो किलोमीटर लांब होतं. अशा वेळी बेटावरच्या आकाशाकडे बघून काहीच कळत नाही, सेकंद मोजले तर कळतं.

शिडाची दोरी
लाटांचं झालं, आता वाऱ्याचं. वारामापक नसेल तर पाणी वाचा. तुरळक पांढरे शेंडे दिसायला लागले की ७ ते १० नॉट. बऱ्याच लाटांवर फेस असेल तर ११ ते १६. जिकडे तिकडे फेस आणि अधूनमधून तुषार म्हणजे १७ ते २१. त्यापुढे मोठ्या लाटा उठून तुषार सतत उडायला लागले की २२ च्या वर, आणि लहान होडीने घरी बसावं. नॉटला १.८५ ने गुणलं की ताशी किलोमीटर.

मात्र हे वाचन मोकळ्या पाण्यावरच करायचं. आडोशाच्या बाजूला किनाऱ्यालगत वाऱ्याला लाट उठवायला अंतरच मिळत नाही. तिथलं पाणी १८ नॉटलाही सपाट दिसतं आणि होडी शंभर-दोनशे मीटर बाहेर गेली की खरा प्रकार कळतो. तेव्हा वारा तिथून बाहेरच, खुल्या समुद्राकडे ढकलत असतो. हवा भरलेल्या तराफ्यावर बसून मजेत पाय हलवणारी मंडळी अशीच लांब जातात. नोंदीत 'पाणी शांत' लिहिताना वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे असेल तर तेही लिहाच.

दुसरं, बेटाची टोकं. डोंगराळ बेटाला वारा बगल देऊन जातो तेव्हा टोकाजवळ त्याचा वेग वाढतो. दोन बेटांमधल्या चिंचोळ्या खाडीतही तसंच.

पाऊलवाट
वेळेचा मुद्दा कुणी घेतला नाही. शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे रोज घड्याळ लावून काम करतात. पहाटे जमीन पाण्यापेक्षा गार, वारा जमिनीकडून समुद्राकडे, पाणी आरशासारखं. नऊ-दहाच्या सुमारास वारा पडतो, मग उलटतो आणि दुपारी दोन-तीनला खारा वारा भरात असतो. म्हणून सकाळी सहाला केलेली नोंद दुपारी होडी काढणाऱ्याला फसवते. नोंदीवर वेळ हवीच, आणि शक्य असेल तर दोन नोंदी हव्यात: एक उजाडताना, एक चारच्या सुमारास.

अगदी लहान, सपाट बेटांवर मात्र हा खेळ जवळजवळ नसतो. तापायला पुरेशी जमीनच नाही.

मेघमल्हारी
पावसाबद्दल. व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यात पूर्वेची बाजू ओली आणि पश्चिमेची कोरडी, एवढं लक्षात ठेवलं की झालं. हवाईतल्या कौआई बेटावर वायलेआले शिखराजवळ वर्षाला नऊ मीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्याच बेटाच्या पश्चिमेच्या किनाऱ्यावर त्याचा लहानसा अंश. 'बेटावर पाऊस आहे' या वाक्याला म्हणूनच अर्थ नाही.

अर्धवर्तुळ
मेघमल्हारी, 'एवढं लक्षात ठेवलं की झालं' याला माझा विरोध आहे. तुम्ही म्हणता ते उंच, ज्वालामुखीच्या बेटांना लागू. तिथे वारा डोंगरावर चढतो, गार होतो, पाऊस सांडतो आणि पलीकडे कोरडा उतरतो. प्रवाळबेटं समुद्रापासून जेमतेम दोन-तीन मीटर वर असतात. वाऱ्याला चढायला तिथे काही नाही, त्यामुळे ओली-कोरडी बाजूही नाही. वरून ढग गेला तर अख्खं बेट भिजतं. शिवाय मोसमी वाऱ्यांच्या प्रदेशात वाराच सहा महिन्यांनी बाजू बदलतो. लक्षद्वीप-मालदीवला जी बाजू हिवाळ्यात आडोशाची, तीच नैर्ऋत्य मोसमात लाटांच्या तोंडी.

म्हणून 'पूर्व-पश्चिम' असं ठरवून न टाकता 'आज वाऱ्याकडची बाजू' आणि 'आज आडोशाची बाजू' असं लिहावं. दिशा बदलली तरी वाचणारा चुकत नाही.

मेघमल्हारी
मान्य. माझं वाक्य फार सरसकट झालं. उंच बेटांपुरतं एक मात्र जोडतो: वाऱ्याकडच्या किनाऱ्यावर सरी बहुधा रात्री आणि पहाटे, तर मोठ्या बेटाच्या आतल्या भागात दुपारनंतर. आणि डोंगरावरचा पाऊस किती टोकाला जाऊ शकतो ते हिंदी महासागरातल्या रेयूनियन बेटावर बघा. जानेवारी १९६६ मध्ये तिथल्या फोक-फोक इथे चक्रीवादळात २४ तासांत १,८२५ मिलिमीटर पडला.

मोजण्यासाठी सरळ भिंतींचं, सपाट तळाचं कुठलंही भांडं चालतं. तोंड आणि तळ सारख्याच रुंदीचे असले की आत जमलेल्या पाण्याची खोली हाच पाऊस. झाड किंवा भिंत जितकी उंच, तिच्या दुपटीइतकं तरी लांब ठेवा आणि रोज एकाच वेळी रिकामं करा.

तिथीपंचांग
भरतीसाठी तक्ता कशाला? तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे सर्वांत कमी चढउतार. बोटांवर होतं.

नांगर
हिशेबाचा गाभा पक्का आहे, कारण भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. पण तो चालतो जिथे अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास भरती येते त्याच किनाऱ्यावर. दुसरीकडे तुमच्या उत्तरात तिथला ठरावीक फरक मिळवावा लागतो. फरक काढणं सोपं आहे: अमावास्येला भरती किती वाजता आली ते बघा, तेच तास मिळवायचे.

आणि काही बेटांवर चंद्राचं चालतच नाही! ताहितीला चंद्राची भरती जवळजवळ शून्य, उरते ती सूर्याची. त्यामुळे तिथे भरती रोज दुपारी बारा आणि रात्री बाराच्या आसपास, फरक जेमतेम ३० सेंटिमीटर. काही ठिकाणी तर दिवसाला एकच भरती. तेव्हा नव्या बेटावर आधी तक्ता, मग बोटं.

तासागणिक पाणी किती चढेल यासाठी बाराव्या भागाचा नियम: सहा तासांत १, २, ३, ३, २, १ भाग. भरती-ओहोटीत १.२ मीटरचा फरक असेल तर पहिल्या तासात १० सेंटिमीटर, मग २०, ३०, ३०, २०, १०. मधल्या दोन तासांत निम्मं पाणी हलतं, तेव्हाच ओढ सर्वांत जास्त. दिवसाला दोन भरत्या असतील तिथेच हे लागू.

प्रवाळपोवळं
प्रवाळभिंत असलेल्या बेटांवर तक्ता एका बाबतीत सपशेल फसवतो, आणि लोक जायबंदी होतात ते इथेच. भिंतीच्या तोंडातून (बोटी आतबाहेर करतात ती फट) भरतीला पाणी आत आणि ओहोटीला बाहेर जातं, हे पुस्तकातलं. मोठ्या लाटांच्या दिवशी प्रत्येक लाट भिंतीवरून पाणी आत ओतत राहते. ते परत जायला वाट एकच, ती फट. मग भर भरतीतही प्रवाह बाहेरच वाहतो, आणि आतलं पाणी तक्त्यापेक्षा उंच असतं. समोरून लाट, आतून प्रवाह. दोन्ही भिडले की फटीत उभ्या भिंतीसारख्या आखूड लाटा उठतात.

बघायचं कसं? फटीत रोवलेला एखादा खुणेचा खांब धरा. एका बाजूला पाणी खांबावर चढून फुगलेलं दिसतं, दुसऱ्या बाजूला भोवऱ्यांची शेपटी लांबते. शेपटी जिकडे, प्रवाह तिकडे. वेग हवा असेल तर दहा मीटरच्या दोन खुणांमधून नारळाचं सोडण वाहू द्या. २० सेकंद लागले तर सेकंदाला अर्धा मीटर, म्हणजे साधारण एक नॉट. १० सेकंदांत गेलं तर उलट दिशेला पोहत जायचा विचार सोडा.

फटीतून आत शिरताना सूर्य उंच आणि पाठीमागे हवा. गडद निळं म्हणजे खोल, फिकट हिरवट-निळं म्हणजे उथळ वाळू, तपकिरी म्हणजे प्रवाळ. सूर्य समोर असला की सगळं एकसारखं चांदीचं दिसतं. त्यामुळे ढगाळ हवा किती, हीसुद्धा समुद्राच्या नोंदीतली गोष्ट आहे.

चांदणवेल
प्रवाळपोवळं, हा प्रतिसाद जपून ठेवतेय. पोहणाऱ्यांसाठी: वाळूच्या किनाऱ्यावर परतीची ओढ (समुद्राकडे खेचणारा प्रवाह) ओळखायची खूण लिहाल का कुणी?

ओहोटी
दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मध्ये एक पट्टा गप्प, जरा गडद, फुटतच नाही. नवख्याला तीच जागा सर्वांत सुरक्षित वाटते, आणि ओढ तिथेच असते. वाळूमिश्रित पाणी किंवा फेस बाहेर वाहताना दिसला तर शंकाच नको. अडकलात तर सरळ किनाऱ्याकडे झुंजू नका. तरंगत राहा, हात वर करा, जमेल तसं किनाऱ्याला समांतर सरका, लाटा फुटतायत तिथून आत या. ओहोटीच्या मधल्या तासांत ही ओढ बहुतेक ठिकाणी वाढते.

बॅरोबाबा
दाबाचा विषय अजून निघाला नाही याचं नवल वाटलं. उष्णकटिबंधात बॅरोमीटर घड्याळासारखा चालतो: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास शिखर, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास तळ. हा रोजचा चढउतार दीड ते तीन हेक्टापास्कलचा. त्यामुळे 'सकाळपासून दोनने उतरला' म्हणून घाबरू नये. तो रोजच उतरतो. तुलना करायची ती कालच्या त्याच वेळेशी.

आणि खरी धोक्याची खूण: रोजचा चढउतार वजा करून दाब त्या ऋतूच्या सरासरीपेक्षा ३ ने खाली असेल तर चक्रीवादळाची शंका घ्यावी, ५ ने खाली असेल तर शंका उरत नाही. हा दर्यावर्दींचा जुना नियम आहे. रोजची लय मोडली, दहाचं शिखर आलंच नाही, हीसुद्धा तशीच खूण. सोबत भलत्या दिशेने लांब सेकंदांच्या लाटा यायला लागल्या तर त्या दिशेला वादळ आहे असं समजा. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की उत्तर गोलार्धात कमी दाबाचं केंद्र डाव्या हाताला, दक्षिण गोलार्धात उजव्या.

फोनमधला दाबमापक चालतो, पण जागा बदलू नका. साडेआठ मीटर वर चढलात की एक हेक्टापास्कल कमी होतो. म्हणजे तिसऱ्या मजल्यावर गेलात तरी दाब एकाने उतरल्यासारखा दिसेल.

पाऊलवाट
अंदाज तर फोनवर मिळतोच, मग एवढा खटाटोप कशाला, असं कुणी विचारायच्या आत लिहितो. जगभराचे अंदाज चौकटी पाडून काढले जातात. युरोपीय हवामान केंद्राच्या मुख्य मॉडेलची चौकट सुमारे ९ किलोमीटरची. तीन किलोमीटरचं बेट त्या मॉडेलला दिसतच नाही, तिथे त्याच्या लेखी नुसता समुद्र. मोठ्या वाऱ्याची दिशा, लाटांचे सेकंद, दोन-तीन दिवसांचा कल यासाठी अंदाज उत्तम. खारा वारा, डोंगराआडची शांतता, फटीतला प्रवाह यासाठी डोळेच. ढगांचं पुढच्या तासाभराचं बघायचं तर उपग्रहाची चित्रं. हिमावारी या जपानी उपग्रहाची दर दहा मिनिटांनी येतात.

शिडाची दोरी
तासाभराचं म्हणाल तर सरीच्या झोताबद्दल लिहायलाच हवं. काळा ढग क्षितिजावर दिसला की होकायंत्रावर त्याची दिशा वाचा. पाच मिनिटांनी परत वाचा. दिशा सरकली तर तो बाजूने जाईल. जागच्या जागी राहून मोठा होत गेला तर तुमच्याकडेच येतोय. पोचायच्या आधी नेहमीचा वारा एकदम पडतो. मग पाण्यावर एक गडद रेघ पळत येताना दिसते, आणि ती रेघ पोचली की १० नॉटचे ३० व्हायला मिनिट लागत नाही. पाऊस बऱ्याचदा तिच्या मागून येतो. शिडं उतरवायची ती वारा पडला त्या क्षणी, रेघ दिसल्यावर नव्हे. अर्ध्या तासात सगळं निवळतं.

विजेसाठी: चमक आणि आवाज यांत ३० सेकंद किंवा कमी म्हणजे वीज १० किलोमीटरच्या आत. पाण्यातून बाहेर या, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत उतरू नका.

खारावारा
सगळ्यांचे मनापासून आभार. तापमान गेलंच, माझ्या यादीत सेकंद आणि दाब आले. सगळं धरून एक नमुना लिहिलाय, आकडे काल्पनिक आहेत. तपासून सांगा.

*०६:३०. दाब १०११.८ (काल याच वेळी १०१२.३). वारा पूर्व-ईशान्येकडून, मोकळ्या पाण्यावर १२ नॉट. आडोशाला मतलई वारा, पाणी सपाट, वारा समुद्राकडे. लाट नैर्ऋत्येकडून ०.६ मी., १५ से. (काल १० से.). भरती ०९:४०, ओहोटी १५:५०, फरक १.१ मी. भिंतीच्या फटीत प्रवाह बाहेर, १ नॉट. २४ तासांचा पाऊस ७ मिमी. ढग चार अष्टमांश (अर्धं आकाश). लक्ष ठेवा: सेकंद वाढलेत, उद्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर लाट चढेल.*

नांगर
उत्तम. फटीतला प्रवाह भरतीत बाहेर आहे, हे तुमच्याच नोंदीत दिसतंय. म्हणजे भिंतीवरून पाणी ओतायला सुरुवात झालीय. ते 'लक्ष ठेवा'मध्ये घ्या आणि ओळ सर्वांत वर न्या. घाईतला माणूस पहिलीच ओळ वाचतो.

चांदणवेल
एक बारीक शंका. वारा 'पूर्व-ईशान्येकडून' आणि प्रवाह 'बाहेर', असं वेगवेगळं का लिहिलंय?

बॅरोबाबा
रीतच तशी आहे. वारा आणि लाटा कुठून येतात ते लिहायचं, प्रवाह कुठे जातो ते लिहायचं. पूर्वेचा वारा आणि पूर्वेचा प्रवाह एकमेकांच्या तोंडावर असतात, आणि तेव्हाच पाणी सर्वांत जास्त उसळतं. म्हणून नोंदीत नुसतं 'पूर्व' कधीच लिहू नका. 'पूर्वेकडून' किंवा 'पूर्वेकडे' असं पूर्ण लिहा.